दाजींचं बाक

राणीच्या बागेत मी वाघ पाहिला, पाणघोडा पाहिला, हातातले शेंगदाणे सोडून नेमकी डोक्यावरची टोपी पळवणारं माकडही पाहिलं. पण खोटं खोकणारा प्राणी तिथं एकच होता आणि तो पिंजऱ्याबाहेर, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या एका बाकावर बसलेला असायचा. ते म्हणजे आमच्या चाळीतले दाजी तेंडोलकर.

दाजींच्या छातीला काहीही झालेलं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावरही ते भरलेली बादली घेऊन लालबागच्या आमच्या चाळीचा जिना न थांबता चढायचे. पण बागेत त्या बाकाकडे कुणी बसायच्या इराद्यानं वळलं, की दाजी छाती धरत, डोळे वर करत आणि असं खोकत, की येणाऱ्याची पावलं जागीच थबकत. त्या काळी खोकल्याला माणसं फार भीत. त्यातून कुणी धीट निघालाच, तर रुमालानं तोंड पुसत दाजी अगदी मायेनं म्हणत, "बसा, बसा. डाक्टर म्हणता, अजून तितका पसरूक नाय."

मग तो धीट माणूसही हरणं बघायला निघून जाई.

खोकल्यालाही न बधणारे काही असतातच. गिरगावातले एक पेन्शनर हातात वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि दाजींशी भांडायचे. "ही बाग काय तुमच्या तीर्थरूपांनी लावली?" असं त्यांनी एकदा विचारलं.

"बापाशीन नाय, आज्यान. ह्या झाडाक तेनीच पाणी घातला," दाजी म्हणाले.

पेन्शनरांनी झाडाकडे पाहिलं. गोरखचिंचेचं झाड, बुंधा एखाद्या खोलीएवढा. दाजींच्या आज्यालाही ते म्हातारंच दिसलं असणार.

"अहो, पण तीन माणसांचं बाक एकट्याला कशाला लागतं तुम्हाला? एवढी जागा आहे की!"

"जागा आसा," दाजी शांतपणे म्हणाले, "पण तुका नाय."

हे दाजींचं लाडकं वाक्य. ज्या राणीच्या नावानं ती बाग होती, तिनं बिचारीनं ती उभ्या जन्मात पाहिली नाही. पण दाजी मात्र बाग आपल्या नावावर असल्यासारखे वागत. गिरणीतली पहिली पाळी सुटली की घरी येऊन आंघोळ करायची, चहा घ्यायचा, काळी टोपी घालायची आणि ऐन उन्हाळ्यातही छत्री घेऊन निघायचं. बाकाच्या एका टोकाला उघडी छत्री, दुसऱ्या टोकाला वहाणा, मध्ये पिशवी आणि पिशवीला टेकून स्वतः दाजी. बसण्यापूर्वी खिशातला एक गुळगुळीत दगड काढून ते बाकाच्या फळ्यांवर ठक ठक ठोकत. वर आलेले खिळे आत बसवायचे असत. "लुगडा अडाकता," एवढंच ते म्हणत. दाजी धोतर नेसत, त्यामुळे हे लुगडं कुणाचं, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता.

मला दुसऱ्यांच्या भानगडींत नाक खुपसायची खोड आहे. ऑफिसातून सुटून मी एकदा त्यांच्या मागावर बागेत गेलो आणि मनोऱ्याच्या आडोशाला उभा राहिलो. ऊन कलल्यावर आमच्या मागच्या चाळीतला एक नवा नवरा आणि त्याच्यामागून चार हात अंतर ठेवून त्याची बायको, अशी जोडी आली. दाजी ताडकन उठले. छत्री मिटली, वहाणा पायात घातल्या, पिशवी उचलली. "बसा हंयसर," म्हणाले आणि तरातरा चालत हरणांच्या पिंजऱ्यापाशी जाऊन जोडप्याकडे पाठ करून उभे राहिले. जोडपं बसलं. बाकाच्या दोन टोकांना बसून दोघं हळूहळू काहीतरी बोलू लागली.

तोच दाजी हरणांकडे तोंड ठेवूनच गरजले, "मोठ्यान बोला! आयकाक येणा नाय!"

हरणं दचकून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गेली. नवरीनं पदर तोंडाला लावला. नवऱ्यानं घसा खाकरून मोठ्यानं विचारलं, "आज घरात मासे कुठले होते?" आणि नवरीनं त्याहून मोठ्यानं सांगितलं, "बांगडे!" दाजींनी समाधानानं मान हलवली.

दाजींच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर होते. शेकडो साचे एकदम धडधडत असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागतं, आणि तीच सवय घरी येते. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. भिंतीभिंतीवर घोषणा, मैदानात शाहीर, गल्लीत प्रभातफेऱ्या. आमच्या भागातल्या प्रत्येक फेरीच्या तोंडाला दाजी असत. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" एवढं पोरं म्हणत आणि "झालाच पाहिजे" एकटे दाजी म्हणत. ते ऐकू आलं की रस्त्यापलीकडच्या चाळीतली माणसंही गॅलरीत येत.

या माणसाला जोडप्यांचं बोलणं ऐकण्याची हौस कशाला असावी? चाळीतल्या बायकांचं मत ठाम होतं. म्हातारा चावट आहे. त्यात कान अधू, म्हणून मोठ्यानं बोलायला लावतो. तरुण मंडळींचं मत याच्या अगदी उलटं होतं. दाजी चळवळीच्या समितीचे गुप्त निरोप्ये आहेत, जोडपी हा निव्वळ देखावा आणि "आज घरात मासे कुठले" ही सांकेतिक भाषा. बांगडा म्हणजे मोर्चा आणि सुरमई म्हणजे हरताळ, इथपर्यंत त्यांनी उलगडा करून ठेवला होता. जी जोडपी बाकावर बसून आली होती, त्यांना खरं काय ते ठाऊक असणार. पण ती बोलायची नाहीत. विचारलं तर म्हणायची, "आम्ही हरणं बघायला गेलो होतो."

आणि मग माझंच लग्न झालं.

आमच्या खोलीत आई, बाबा, दोन भाऊ, एक बहीण, गावाकडून नोकरीसाठी आलेला मामेभाऊ आणि आता मी आणि शालन. कपाटाच्या आड आईचं एक जुनं पातळ पडद्यासारखं लावून आम्हाला जागा करून दिली होती. त्या पातळापलीकडे हात लांब केला तर मामेभावाच्या डोक्याला लागायचा. चार महिन्यांत मी शालनशी जे काही बोललो ते सगळं कुजबुजून. तिनं मला जे सांगितलं तेही कुजबुजून. दिवसा ती आईच्या हाताखाली, आणि सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीतच नव्हती.

कुजबुजीची एक गंमत असते, हे मला तेव्हा कळलं. मीठ कमी पडलंय आणि मला रडू येतंय, ही दोन्ही वाक्यं कुजबुजीत सारखीच लागतात. माणूस काय म्हणतो ते कळतं, पण कसं म्हणतो ते कळत नाही.

एप्रिल संपता संपता बाबांनी जाहीर केलं, की सूनबाईला गावी धाडायचं. गावच्या घरी माझी आजी एकटी होती, पुढे भाताची लावणी होती. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होतात, त्याआधी भाऊच्या धक्क्यावरून शालनला बोटीत बसवायचं ठरलं. आमच्यात हे काही नवीन नव्हतं. अर्ध्या चाळीच्या बायका गावीच असायच्या आणि नवरे इथं खानावळीत जेवायचे. पण माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मला ती जायला नको होती. तिला काय हवं होतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी पडद्याआड विचारलं, "जाशील?" ती कुजबुजली, "तुम्ही म्हणाल तसं." हे तिनं खुशीत म्हटलं की रडत म्हटलं, हे मला काही केल्या समजेना. ती सुटायचं बघत असेल तर मी कुठल्या तोंडानं तिला अडवणार? बोट तर पुढच्याच आठवड्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दाजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी काही बोललो नव्हतो. पण त्यांची खोली आमच्या खोलीला लागून, आणि चाळीच्या भिंती तुम्हाला माहीतच आहेत.

"वसंता," ते म्हणाले, म्हणजे सगळ्या नळाला ऐकू गेलं, "हरणा कधी बघलंस?"

"नाही."

"रयवारी ये. बायलेक घेवन ये. बाक धरून ठेयतंय."

त्या रविवारी शिवाजी पार्कवर मोठी सभा होती. सगळं लालबाग तिकडे लोटलं होतं. चाळीतली पोरं दाजींच्या दाराशी येऊन अजीजी करत होती, "दाजी, तुमच्या आवाजाशिवाय कसं होणार?" दाजींनी टोपी घातली, छत्री घेतली आणि म्हणाले, "आज माका बागेत काम आसा." पोरांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. सभेच्या दिवशी सभा सोडून दाजी बागेत जातात, म्हणजे आज सुरमईच! ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि ती कुठे कुठे पोचली हे आम्हाला पुढे कळलं.

आम्ही गेलो तेव्हा बाग बरीचशी रिकामी होती. बाकं हवी तेवढी मोकळी होती. तरी दाजी आपल्या बाकावर छत्री उघडून, वहाणा मांडून, दगडानं खिळे ठोकून तयार होते. आम्ही दिसताच उठले. "बसा," म्हणाले, "आणि मोठ्यान बोला." आणि हरणांकडे चालते झाले.

बसलो खरे, पण बोलायचं काय? मागे वाघ डरकाळ्या फोडत होता, मोर केकाटत होते, माकडांचा तर बाजारच भरला होता. एवढ्या कोलाहलात आम्ही दोघं लालबागची माणसं मान खाली घालून कुजबुजत होतो. सवयच तशी पडलेली. मी म्हटलं, "बोटीचं काय?" ती काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. मी तिच्याकडे सरकलो, तशी ती घाबरून इकडेतिकडे बघायला लागली.

"मोठ्यान बोला!" हरणांकडून आवाज आला.

ती आणखीच हळू काहीतरी म्हणाली. तोच आमच्यासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. साध्या वेषातला पोलीस होता. वेष साधा होता, पण बूट सरकारी होते.

"काय खलबतं चाललीत?" तो म्हणाला. "मघापासून बघतोय. तो म्हातारा बाक अडवून ठेवतो, मग तुम्ही येता, चारी बाजूंना बघता आणि कुजबुजता. काय निरोप आहे?"

"अहो, ही माझी बायको आहे," मी उठून म्हणालो.

"बायकोशी बागेत येऊन कुणी कुजबुजतं का? एवढं मोकळं मैदान असताना?" त्याचंही काही चुकत नव्हतं. "काय गं बाई, काय सांगत होतीस ह्याला? खरं सांग, नाहीतर दोघांना चौकीवर नेतो. मोठ्यानं बोल!"

"मीपण ताच सांगतंय!" दाजी छत्री उगारून धावत येत ओरडले.

शालन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ही रडणार. आणि ती मोकळ्या गळ्यानं ओरडली, "माका गावाक जावचा नाय! ताच सांगत होतंय ह्यांका! माका हंयच रवाचा आसा, ह्यांच्याबरोबर! घाला खंय घालूचा ता तुरुंगात!"

मोर गप्प झाले. निदान मला तसं वाटलं. शालनचा आवाज खणखणीत होता, किंचित घोगरा आणि बऱ्यापैकी भांडकुदळ. चार महिने हा आवाज माझ्या घरात राहत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला इतका आनंद झाला, की पोलीस समोर उभा आहे हे विसरून मी हसायला लागलो.

"आता कसा आयकाक इला!" दाजी म्हणाले आणि त्यांनी छत्री खाली घेतली.

पोलीस अवघडला. त्यानं मला विचारलं, "घरात किती माणसं?" मी सांगितलं. तो मान हलवत म्हणाला, "आमच्या पोलीस लाइनीत पण तीच गत." जरा वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत उभा राहिला आणि मग दाजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, बुधवारी माझी सुट्टी असते. जागा मिळेल का?"

"जागा आसा, पण तुका नाय," दाजी म्हणाले. त्याचा चेहरा पडलेला बघून पुढे म्हणाले, "बायलेक घेवन ये. मगे तुका आसा."

बाग बंद व्हायची घंटा झाली, तसे आम्ही तिघं फाटकाकडे निघालो. शालनला एकदा गळा सापडल्यावर ती आता थांबायला तयार नव्हती. माझ्या मनात कधीपासून होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं, ते तिनं सरळ विचारलं. "दाजी, आमचा बोलणा आयकाक तुमका इतका आवाडता?"

मी चपापलो. दाजी मात्र रागावले नाहीत.

"बोलणा खंय आयकतंय गे चेडवा," ते म्हणाले. "तुमी माशांचा बोलास नायतर म्हशीचा. माका काय तेचा? मी फक्त आवाज आयकतंय."

थोडं चालून गेल्यावर ते आपणहून सांगू लागले. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्याच खोलीत भाऊ, भावजय, त्यांची मुलं आणि गावाहून कामाला आलेले गाळेकरी मिळून माणसांचं नुसतं पेव फुटलं होतं. दोन वर्षं दाजी आणि त्यांची बायको सुंदरा कुजबुजत राहिली. एका रविवारी हिय्या करून दोघं या बागेत आली.

"एकय बाक मोकळा नाय. पुरी बाग फिरलंव. रस्त्यात बायलेशी मोठ्यान कसा बोलतलंय? लोका काय म्हणतली? फिरत रवलंव. घंटा झाली, तशी घराक गेलंव. परत कधीतरी येवया, म्हटलंय." छत्री या हातातून त्या हातात घेत ते म्हणाले, "मगे ती बाळंतपणाक गावाक गेली. ती थंयच गेली. पोरय गेला."

फाटकाशी गर्दी होती. दाजी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"तिचा तोंड आठावता. हिरवा लुगडा आठावता. हसताना नाकाक पदर लायत असे, ता आठावता. पण आवाज? तिचो आवाज माका म्हायतच नाय रे वसंता. बारीक होतो काय जाडो, काय ठावक. माका म्हायत आसा ती फक्त कुजबुज."

शालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. दाजींनी आमच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि एकदम खेकसले, "चला, चला! घरात सांगूचा आसा मा? हंय रडत काय उभी रवलास?"

घरी सगळे जेवायला बसत होते. मी दारातच उभा राहून म्हणालो, "बाबा, शालन गावी जाणार नाही. तिला इथं राहायचंय आणि मलाही ती इथंच हवी आहे."

"ओरडतंस कित्याक?" बाबा म्हणाले. "माका आयकाक येता."

"ओरडत नाही. बोलतोय."

बाबांचा घास हातातच राहिला. शेजारच्या खोल्यांतले भांड्यांचे आवाज थांबले होते. "मगे गावाक म्हातारेक कोण बघतला?" बाबांनी विचारलं. उत्तर चुलीपाशी बसलेल्या आईकडून आलं.

"मी जातंय," आई म्हणाली. "माका खंय हंय धुरात रवाचा आसा? किती वर्सां झाली, आपला घर, आपले परसातले माड बघूचा मनात आसा. कोणी इचारूकच नाय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांनीही तिला बऱ्याच वर्षांनी ऐकलं असावं. त्या वर्षी बोटीत आई बसली आणि आजीच्या सोबतीला गेली.

पण ते पुढचं. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर शालन हात पुसत गॅलरीत आली. गॅलरीत माणसं बसलेली होती. सभेहून परतलेली पोरं जिन्यात सभेचं वर्णन करत होती. दाजी आपल्या दारात एकटेच बसून उद्यासाठी छत्रीची काडी तारेनं बांधत होते. आमच्या चाळीत सुनेनं गॅलरीत आवाज चढवल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

"दाजी!" शालननं हाक मारली. साऱ्या मजल्याला ऐकू गेली. "उद्या आमच्याकडे जेवूक या! बांगडे करतंय!"

जिन्यातली पोरं वळून बघू लागली. बायका दारांतून डोकावल्या. दाजींनी मान वर केली आणि शालनकडे पाहतच राहिले. साच्यांच्या धडधडाटावर ज्याचा आवाज चढायचा, ज्याच्या एका घोषणेनं रस्त्यापलीकडची चाळ गॅलरीत यायची, त्या माणसाचे ओठ हलले. पण आवाज काही फुटला नाही. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"येतंय," दाजी कुजबुजले.